रस्ता दोनदा सोडून गेला: स्टॅमफर्डच्या ‘द जॉर्ज’चं प्रकरण

इंग्लंडमधल्या जुन्या बाजारगावात परक्या माणसाच्या मुक्कामाची सोय कशी उभी राहते आणि कशी टिकते, हे समजून घ्यायचं तर स्टॅमफर्डइतकं बोलकं गाव मला दुसरं दिसत नाही. लिंकनशायरच्या नैऋत्य टोकाला, वेलँड नदीच्या काठावर, वीस हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव आहे. लंडनपासून उत्तरेला साधारण १४५ किलोमीटर. लंडनहून यॉर्कला आणि पुढे एडिंबरोला जाणारा ग्रेट नॉर्थ रोड शतकानुशतकं या गावाच्या पोटातून जात होता. त्याच रस्त्यावर, लंडनकडून येताना पूल ओलांडायच्या आधी, सेंट मार्टिन्स भागात ‘द जॉर्ज’ हे जुनं हॉटेल आहे. सगळ्या रस्त्यावरून आडवी गेलेली तुळई आणि तिच्यावर हॉटेलचं नाव, ही त्याची खूण. फाशीच्या खांबासारखी ती पाटी वाटमाऱ्यांना धाक आणि सज्जन प्रवाशाला स्वागत म्हणून लावली, असं सांगतात.

पेच असा आहे. जॉर्ज जगलं ते रस्त्याच्या जिवावर. तो रस्ता त्याला दोनदा सोडून गेला. एकदा १८४०–५० च्या सुमारास, रेल्वे आली तेव्हा. दुसऱ्यांदा १९६० मध्ये, याच रस्त्याचा, म्हणजे ज्याला पुढे ए-१ म्हणू लागले त्या महामार्गाचा, बायपास झाला तेव्हा. पहिल्या वेळी गावाचा मुक्कामाचा धंदा बसला. दुसऱ्या वेळी तो बसायला हवा होता, पण उलट उभा राहिला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांची काय गत झाली हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे कोडं लगेच कळेल. एकाच गावात, एकाच इमारतीत, एकाच प्रकारच्या घटनेचे दोन उलटे परिणाम का व्हावेत?

गाड्यांचे दिवस

जॉर्जची जागा हॉटेलपेक्षा जुनी आहे. मध्ययुगात इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होती, तिच्या तळघराचे अवशेष आजच्या इमारतीखाली आहेत. मुख्य इमारत १५९७ ची, राणी पहिल्या एलिझाबेथचे खजिनदार विल्यम सेसिल, म्हणजे लॉर्ड बर्ली यांनी उभारलेली. गावाबाहेर त्यांचा बर्ली हाउस हा प्रचंड वाडा आहे. स्टॅमफर्डचा पुढचा सगळा इतिहास, राजकारण असो की घरभाडं, या घराण्याभोवती फिरतो. हॉटेलचा आज दिसणारा दर्शनी भाग बराचसा अठराव्या शतकातला आहे.

आत शिरल्यावर दोन्ही हातांना लाकडी तावदानांनी मढवलेल्या दोन खोल्या लागतात. एकीवर ‘लंडन’ लिहिलंय, दुसरीवर ‘यॉर्क’. दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी एकीत बसायचं, उत्तरेकडे जाणाऱ्यांनी दुसरीत. भरभराटीच्या काळात रोज वीस गाड्या वर आणि वीस गाड्या खाली, असा इथला राबता सांगतात. प्रत्येक गाडीला चार घोडे, आणि दर दहा-पंधरा मैलांवर ते बदलायचे. म्हणजे अशी सराय चालवायची तर खोल्यांच्या आधी पागा लागायची. मोतद्दार, गवत, दाणा, लोहार, चामड्याचं सामान, आणि गाडी आत घ्यायला उंच देवडी. तिच्यातून आत गेलं की चौक, चौकाच्या कडेने तबेले, आणि वर माणसांच्या खोल्या. मुक्कामाला आलेल्या माणसापेक्षा घोड्याची व्यवस्था मोठी, हे अशा इमारतींचा नकाशा पाहिला की लगेच लक्षात येतं.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. रेल्वे येण्याआधीच या सरायांचा खोल्यांचा धंदा बदलू लागला होता. रस्ते वाईट होते तेव्हा लंडनहून निघालेला माणूस स्टॅमफर्डला पोचेपर्यंत वाटेत एखादी रात्र काढायचा आणि इथेही थांबायचा. १७८४ नंतर टपालगाड्या सुरू झाल्या, रस्ते सुधारले, आणि १८३० च्या दशकात चांगली गाडी ताशी दहा मैलांच्या वेगाने धावू लागली. त्या वेगाने लंडन ते स्टॅमफर्ड हे नऊ-दहा तासांचं अंतर झालं. टपालगाडी रात्रभर चालायची. तिच्यातला प्रवासी उतरायचा, घाईघाईत गरम जेवण घ्यायचा आणि पुन्हा चढायचा. घोडे बदलत होते, स्वयंपाकघर रात्री-अपरात्री पेटलेलं होतं, पण पलंगाची गरज कमी होत होती. वेग वाढला की मधल्या गावाची रात्र आधी जाते आणि जेवण नंतर जातं. हा माझा निष्कर्ष आहे, पण अंतर आणि वेग समोर ठेवला तर दुसरं काही संभवत नाही.

रेल्वे

स्टॅमफर्डला रेल्वे मिळाली ती १८४६ ते १८४८ या काळात, पण ती आडवी, पीटरबरोहून लेस्टरच्या दिशेला जाणारी. लंडन–यॉर्क मुख्य मार्ग १८५० मध्ये पीटरबरोपर्यंत आला आणि १८५२ मध्ये तिथून सरळ ग्रँथमकडे निघून गेला. पीटरबरो फुगत गेलं. स्टॅमफर्ड होतं तेवढंच राहिलं.

बर्ली घराण्याच्या प्रमुखाने, म्हणजे तेव्हाच्या मार्क्विस ऑफ एक्सेटर या सरदाराने, हट्टाने मुख्य मार्ग अडवला, ही कथा गावात हमखास ऐकायला मिळते. मला ती पटत नाही. पीटरबरो–ग्रँथम हा सरळ आणि सोयीचा मार्ग होता, त्याला स्टॅमफर्डकडे वळायचं कारण नव्हतं. शिवाय मुख्य मार्गावरच्या एसेंडाइन स्थानकाला गाव जोडणारा फाटा १८५६ मध्ये सुरू झाला, त्यामागे बर्ली घराणंच होतं. हा फाटा १९५९ मध्ये बंद पडला. घराण्याचा खरा परिणाम दुसरीकडे दिसतो. गावाभोवतीची शेतं १८७० च्या दशकापर्यंत जुन्या सामायिक पद्धतीनेच राहिली, तिथे घरं बांधता आली नाहीत. म्हणून गाव बाहेर पसरलं नाही. पाडून नवं बांधायला लागणारा पैसा रेल्वेबरोबर पीटरबरोला गेला, आणि पसरायला जागाही नव्हती. सतराव्या-अठराव्या शतकातली दगडी घरं जागच्या जागी राहिली ती अशी. कोणाला त्यांची आवड होती म्हणून ती वाचली, असं म्हणता येत नाही.

रस्त्यावरच्या गाड्या मात्र काही वर्षांतच बंद झाल्या. पागा रिकाम्या पडल्या.

जे हॉटेल टिकलं नाही

जॉर्ज का टिकलं हे समजायला त्याच गावातलं दुसरं हॉटेल पाहावं लागतं. सेंट मेरीज स्ट्रीटवर ‘स्टॅमफर्ड हॉटेल’ नावाची एक भव्य इमारत आहे. तिचं बांधकाम १८१० च्या सुमारास सुरू झालं. उंच खांब, वर न्यायदेवतेचा पुतळा. एखाद्या राजधानीत शोभावी अशी. सर जेरार्ड नोएल यांनी ती बांधवली ती बर्ली घराण्याच्या राजकीय वर्चस्वाला आव्हान म्हणून. त्या काळी निवडणुकीत प्रत्येक पक्षाला गावात एक सराय लागायची. तिथेच मतदारांना खाऊपिऊ घातलं जायचं आणि तिथेच सभा व्हायच्या. जॉर्ज बर्लीवाल्यांचं, म्हणून विरोधकांना त्याच्याहून मोठं काहीतरी हवं होतं.

आज ती इमारत उभी आहे, पण तिथे मुक्काम करता येत नाही. खाली दुकानं आहेत. दर्शनी भागावर खर्च झाला, त्या मानाने तिला कायमचा गिऱ्हाईक मिळाला नाही. जॉर्जच्या मागे जमीन होती, बाग होती, वाट पाहू शकणारा मालक होता आणि गावकऱ्यांची ऊठबस होती. गाड्या बंद झाल्या तरी बाजाराच्या दिवशी शेतकरी येत राहिले, लग्नाच्या, सभांच्या पंगती होत राहिल्या. माझ्या मते प्रवाशांच्या पलंगांपेक्षा गावकऱ्यांच्या जेवणाने हे हॉटेल त्या मधल्या पन्नास-साठ वर्षांत तगवलं. मग सायकल आली, मागून मोटार आली, आणि ग्रेट नॉर्थ रोडवर पुन्हा माणसं दिसू लागली.

१९६० ते १९६७

मोटारींनी जे दिलं ते लवकरच असह्य झालं. ए-१ ची सगळी अवजड वाहतूक सेंट मार्टिन्सचा उतार, अरुंद पूल, सेंट मेरीज हिलचा चढ आणि जुन्या गल्ल्या अशी गावातून जायची. रस्त्याकडेच्या खोलीत झोपणाऱ्याला रात्रभर गिअर बदलल्याचा आवाज. १९६० मध्ये गावाच्या पश्चिमेने बायपास झाला आणि हा ओघ थांबला. वाटेत सहज थांबणारा मोटारवालाही त्याबरोबर गेला.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, यॉर्कशायरमधल्या हेअरवूड इथल्या तीन दिवसांच्या अश्वस्पर्धा जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगामुळे रद्द झाल्या. तेव्हाचे मार्क्विस ऑफ एक्सेटर, म्हणजे १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत सुवर्णपदक जिंकलेले डेव्हिड बर्ली, यांनी आपल्या वाड्याचं आवार देऊ केलं. बर्ली हॉर्स ट्रायल्स तेव्हापासून सप्टेंबरच्या सुमाराला होत आल्या आहेत आणि जगातल्या अव्वल स्पर्धांत त्यांची गणना होते. त्या आठवड्यात गावात आणि आसपासच्या खेड्यांत पलंग मिळवणं मुश्कील असतं.

आणि १९६७ मध्ये नव्या कायद्याखाली स्टॅमफर्डचा जुना भाग इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आज गावात सहाशेहून अधिक इमारती संरक्षित यादीत आहेत.

या सात वर्षांत पाहुणाच बदलला. आधीचा माणूस दुसरीकडे जाताना इथे अडकायचा. नंतरचा माणूस इथेच यायला निघालेला असतो. घोडे बघायला, वाडा बघायला, किंवा दगडी गल्ल्यांतून फिरून शुक्रवारचा बाजार करायला. वाटसरू गिऱ्हाईक असेल तर रस्ता हटवणं म्हणजे पोटावर पाय. पण मुद्दाम येणारा गिऱ्हाईक असेल तर रस्ता हटवल्याने त्याला झोप मिळते. १८५० मध्ये स्टॅमफर्डकडे रस्त्याशिवाय विकायला काही नव्हतं. १९६० मध्ये होतं, आणि जे होतं ते १८५० च्या आपत्तीमुळेच शिल्लक राहिलं होतं.

रस्त्यासारखं एखादं साधन गेल्यावर गाव कोणत्या पाहुण्यासाठी जगणार, हा प्रश्न आपल्याकडच्या बायपासच्या गावांनीही स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं. वडापावचे गाडे हलवून तो सुटत नाही.

भिंतीच्या आत

इथपर्यंत ही गोष्ट ऐकायला छान वाटते. पण संरक्षित इमारतीत रोज पाहुणा झोपवणं हे कष्टाचं काम आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

आधी आग. १९६९ च्या नाताळानंतरच्या रात्री, २६ डिसेंबरला, एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन या अशाच बाजारगावातलं ‘रोझ अँड क्राउन’ हे जुनं हॉटेल जळालं. अकरा माणसं गेली. जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतीत धूर कसा चढतो हे समजलं की अंगावर काटा येतो. जिना हाच एकमेव मार्ग आणि तोच धुराचं धुराडं. पॅनेलांमागे, छताच्या वर, शतकानुशतकं जोडत गेलेल्या खोल्यांच्या मध्ये पोकळ्या असतात, आणि धूर दाराला न शिवता त्यांतून दुसऱ्या मजल्यावर पोचतो. या दुर्घटनेनंतर १९७१ चा अग्निप्रतिबंधक कायदा आला आणि १९७२ मध्ये तो सगळ्यात आधी हॉटेलं आणि बोर्डिंग हाउसना लागू झाला. सहाहून जास्त माणसं झोपणार असतील, किंवा कोणी पहिल्या मजल्याच्या वर वा तळघरात झोपणार असेल, तर अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र हवं. ऑक्टोबर २००६ पासून प्रमाणपत्रांची पद्धत गेली आणि मालकाने स्वतः जोखीम तपासून उपाय करायचे, असा नियम आला.

आता संरक्षित इमारतीत हे कसं करायचं? अठराव्या शतकातलं दार पातळ फळ्यांचं असतं, आगीत ते लवकर जळून जातं. ते काढून नवं अग्निरोधक दार लावावं म्हटलं तर परवानगीशिवाय त्याला हात लावणं हा फौजदारी गुन्हा. मग मधला मार्ग काढतात. दाराच्या कडेला खाच पाडून त्यात उष्णतेने फुगणारी पट्टी बसवायची, म्हणजे आग लागली की फट आपोआप बुजते. फळ्यांवर तसाच फुगणारा थर द्यायचा. दार आपोआप मिटावं म्हणून यंत्र लावायचं. सगळ्या खोल्यांचे धूरसूचक एकमेकांना जोडायचे. अशा खोलीत दार जड वाटलं आणि हातातून सुटताच धाडकन मिटलं, तर त्याला खुर्ची लावून उघडं ठेवू नका. त्या दारावर तुमचा जीव अवलंबून आहे.

मग न्हाणीघर. मूळ खोलीला ते नव्हतंच. आता पाहुणा खोलीला जोडून न्हाणी मागतो. ओतीव लोखंडाचा टब, त्यात पाणी आणि माणूस धरून वजन तीनशे किलोच्या पुढे जातं, ते चारशे वर्षांच्या वाशांवर टाकायचं. पाइप न्यायचा तर तुळई कापायची नाही. म्हणून जमिनीची पातळी एक पायरी उचलून तिच्याखालून पाइप काढतात. जुन्या हॉटेलात न्हाणीत जाताना पायरी चढावी लागते, तिचं कारण बहुधा हेच असतं. खिडक्या एकेरी काचेच्या. दुहेरी काच सहसा मंजूर होत नाही, म्हणून आतल्या बाजूने दुसरं तावदान लावतात. छपरावर कॉलीवेस्टन दगडाच्या पातळ फरश्या. हा दगड खाणीतून काढून हिवाळ्यात उघड्यावर ओला ठेवत, म्हणजे थंडीने तो आपसूक थरांत फुटायचा. हल्ली हिवाळे पुरेसे कडक राहिले नाहीत म्हणून हेच काम मोठ्या फ्रीझरमध्ये केलं जातं. खोलीचं भाडं जास्त का, याचं एक उत्तर छपरावर आहे.

आणि जिने. लिफ्टला जागाच नसते. या संदर्भात मला डॅनियल लँबर्ट यांची आठवण होते. लेस्टरच्या तुरुंगाचे हे माजी अधिकारी सुमारे ३३५ किलो वजनाचे होते, त्यांच्या काळात देशभर ओळखले जात आणि बोलण्यात अतिशय सभ्य होते. जून १८०९ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी ते स्टॅमफर्डला आले आणि ‘वॅगन अँड हॉर्सेस’ या सरायीत उतरले. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना तळमजल्यावरची खोली दिली होती. २१ जूनला तिथेच त्यांचं निधन झालं. शवपेटी चाकांवर ठेवली आणि ती बाहेर काढायला खिडकीसह भिंत पाडावी लागली. ते सेंट मार्टिन्सच्या दफनभूमीत आहेत, आणि त्यांचं चित्र जॉर्जमध्ये लावलेलं आहे. लोक ही गोष्ट नवल म्हणून सांगतात. मला त्यात सरायवाल्याचा शहाणपणा दिसतो. पाहुण्याचं शरीर कसं आहे हे आधी पाहून त्याला खोली दिली गेली. २०१० च्या समानता कायद्याने आज प्रत्येक हॉटेलवाल्याकडून ‘वाजवी बदल’ अपेक्षित आहेत, आणि जुन्या इमारतीत त्याचा पहिला अर्थ हाच होतो. तळमजल्यावर निदान एक चांगली, दुय्यम न वाटणारी खोली राखून ठेवा. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी आरक्षणाच्या वेळी ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून थांबू नये. पायऱ्या किती आणि कुठे, न्हाणीला उंबरा आहे का, तेही विचारावं.

हॉटेलच्या स्वागतकक्षात कधी कधी १९५६ च्या एका कायद्याची नोटीस लावलेली दिसते. पाहुण्याचं सामान हरवलं तर मालकाची जबाबदारी एका वस्तूमागे ५० पौंड आणि एकूण १०० पौंडांपुरती, असं तिच्यात असतं. सुरक्षित ठेवायला स्वतंत्रपणे दिलेल्या वस्तूंना किंवा मालकाच्या निष्काळजीपणाला ही मर्यादा लागू नाही. याच कायद्यात गाड्या, घोडे आणि त्यांचा साज यांची जबाबदारी मालकावर नाही, असंही स्पष्ट लिहिलंय. चौकातली पागा मोटारींचा वाहनतळ झाली, तरी कायद्यात घोडा आहेच.

गल्लीतली घरं

आता हॉटेलांपेक्षा मोठा प्रश्न बाजूच्या गल्ल्यांत आहे. संवर्धनामुळे गाव देखणं राहिलं, देखणेपणामुळे पाहुणे आले, आणि पाहुण्यांमुळे दगडी घर राहायला देण्यापेक्षा दोन-तीन रात्रींसाठी देणं परवडू लागलं. लंडनमध्ये अशा भाड्याला वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे. स्टॅमफर्डसारख्या गावाला ती नाही. उलट एप्रिल २०२३ पासून इंग्लंडभर असा नियम आहे की घर वर्षात १४० रात्री उपलब्ध आणि प्रत्यक्षात ७० रात्री भाड्याने गेलेलं असेल, तरच करासाठी ते व्यवसाय म्हणून धरलं जाईल. नावापुरतं भाड्याने देऊन घरपट्टी चुकवणाऱ्यांना त्याने चाप बसला, हे चांगलं झालं. पण सत्तर रात्री भरल्या नाहीत तर त्या भरून काढायचा मोहही त्याच नियमात आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या पद्धतीचा बेड अँड ब्रेकफास्ट आहे. मालक स्वतः त्याच घरात राहतो, एका वेळी सहापेक्षा जास्त पाहुणे ठेवत नाही, आणि घराचा मुख्य वापर घर म्हणूनच राहतो, तर त्याला व्यवसायाचा कर नसून साधी घरपट्टी लागते. मला ही सवलत फार शहाणपणाची वाटते. अशा घरात दिवा रोज लागतो. शेजाऱ्याला रात्री अकराला गोंगाट झाला तर दार ठोठवायला माणूस असतो. सकाळच्या नाश्त्याची अंडी आणि पाव कोपऱ्यावरच्या दुकानातून येतात. कुलपाच्या आकड्यावर चालणाऱ्या रिकाम्या घरातून यातलं काहीच होत नाही. जॉर्जला त्या पडत्या काळात गावकऱ्यांनी तगवलं असेल, तर गावात गावकरी राहतील याची काळजी आजच्या मुक्कामाच्या धंद्यानेच घ्यायला हवी. स्टॅमफर्डला जाणाऱ्याने लंडनहून रेल्वेने पीटरबरोला उतरावं, गाडी बदलून पंधरा मिनिटांत गावात पोचावं, जॉर्जमध्ये एक वेळ जरूर जेवावं, आणि बर्लीचा आठवडा नसेल तर अशा एखाद्या घरात खोली आहे का, हे आधी विचारावं.